माहिती वर जाते, खाली का येत नाही?

महाशय,

विजेच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली की आपल्याकडे चार दिवस एकच चर्चा चालते: हे चीनने केले की नाही? मग ती विरते. नोकरीची सगळी वर्षे मी पारेषण उपकेंद्रांत रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारी उपकरणे, आणि संरक्षण यंत्रणा यांच्या चाचण्या करण्यात घालवली. आता निवृत्त आहे. मला वेगळाच प्रश्न छळतो. हल्ला झाला, किंवा थोडक्यात टळला, तर त्यातून जे कळले ते कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला बसलेल्या यंत्रचालकापर्यंत पोहोचते का? कायदे, नियमावल्या, कळवण्याच्या मुदती आता बहुतेक देशांत सारख्याच होत चालल्या आहेत. देशादेशांतला खरा फरक मला या एका प्रश्नाच्या उत्तरात दिसतो, आणि त्यात आपण फार मागे आहोत.

युक्रेनपासून सुरुवात करते, कारण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तिथला प्रसंग बारकाईने वाचायला हवा. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी इव्हानो-फ्रांकिव्स्क भागाला वीज पुरवणाऱ्या वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप हलू लागला. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो एकेका उपकेंद्राचे ब्रेकर उघडत, म्हणजे वीज तोडत गेला आणि त्यांना काहीही करता येईना. त्याच वेळी आणखी दोन वितरण कंपन्यांवर हाच प्रकार चालू होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. घुसखोर काही महिने आधीच, ई-मेलला जोडलेल्या साध्या ऑफिस फाइलमधून कार्यालयाच्या संगणकांत शिरले होते. तिथून त्यांनी पासवर्ड गोळा केले आणि घरून काम करण्यासाठी असलेल्या व्हीपीएनच्या वाटेने स्काडापर्यंत, म्हणजे उपकेंद्रे दूरवरून चालवणाऱ्या संगणक यंत्रणेपर्यंत, पोहोचले. त्या वाटेवर पासवर्डखेरीज दुसरी कसलीही पडताळणी नव्हती.

ब्रेकर उघडून ते थांबले नाहीत. ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कंपनीच्या कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा केला. नियंत्रण कक्षाचा यूपीएस ठरल्या वेळी बंद पडेल अशी व्यवस्था केली. आणि उपकेंद्रांतल्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचे, म्हणजे उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या डब्यांचे, फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) बिघडवून टाकले, म्हणजे नियंत्रण परत मिळाले तरी दूरवरून ब्रेकर चालवता येणारच नाहीत. वीज एक ते सहा तासांत परत आली ती माणसांमुळे. पथके गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली, त्यांनी यंत्रणा लोकलवर, म्हणजे जागेवरूनच चालवण्यावर, घेतली आणि ब्रेकर हाताने पुन्हा लावले. दोन महिने उलटल्यावरही तिथली नियंत्रण केंद्रे पूर्ववत झालेली नव्हती.

हे सगळे मला कसे माहीत? कारण ते छापले गेले. अमेरिकेचे पथक तिथे गेले, युक्रेनच्या अभियंत्यांशी बोलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने त्यावर जाहीर इशारापत्र काढले. मार्चमध्ये वीज क्षेत्रासाठी सविस्तर तांत्रिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. कुणालाही फुकट उतरवून घेता येईल असे ते होते. मी तेव्हा नोकरीत होते. त्यातला कन्व्हर्टरचा उल्लेख वाचून मी थबकले, कारण तशाच डब्या आमच्या पॅनेलमध्येही बसवलेल्या होत्या. पुढच्या चाचणीच्या वेळी आम्ही पहिल्यांदा त्या डब्यांकडे 'यात बाहेरून काही लिहिता येते का' या नजरेने पाहिले. तोवर लाल-हिरवा दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे डबी ठीक आहे, एवढीच आमची तपासणी असे. दूरच्या एका देशातल्या अहवालाने आमच्या चाचणीच्या यादीत एक ओळ वाढवली. माहिती खाली येणे म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे.

युक्रेनने हा मोकळेपणा युद्धातही सोडला नाही. १७ डिसेंबर २०१६ ला कीवच्या उत्तरेकडील उपकेंद्रावर दुसरा हल्ला झाला. त्यासाठी वापरलेले 'इंडस्ट्रॉयर' हे घातक सॉफ्टवेअर थेट ब्रेकरशी त्यांच्याच प्रोटोकॉलमध्ये बोलणारे होते. त्याची दुसरी आवृत्ती ८ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी एका वीज कंपनीवर चालवण्याचा डाव होता. तो उधळला गेला, आणि १२ एप्रिलला युक्रेनच्या सायबर पथकाने एका खासगी सुरक्षा कंपनीसह त्याचे तांत्रिक तपशील जगापुढे ठेवले. वरून क्षेपणास्त्रे पडत असताना, चार दिवसांत. 'राष्ट्रीय सुरक्षेमुळे सांगता येत नाही' असे कुणी म्हटले की मला हे चार दिवस आठवतात. हल्लेखोराला त्याने काय केले ते माहीतच असते. ते माहीत नसते फक्त पुढच्या उपकेंद्रातल्या माणसाला.

अमेरिकेची पद्धत दंडाची आहे, आणि तिचे मूळ सायबर हल्ल्यात नाही. १४ ऑगस्ट २००३ ला ईशान्य अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या एका कंपनीची अलार्म यंत्रणा सॉफ्टवेअरच्या दोषामुळे मुकी झाली होती आणि पडद्यासमोरच्या माणसांना त्याचा पत्ताच नव्हता. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने सगळा घटनाक्रम मिनिटामिनिटाने छापला. वीज जाळ्यासाठीची तोवर ऐच्छिक असलेली मानके २००५ च्या कायद्याने सक्तीची झाली, आणि २००८ मध्ये सायबर सुरक्षेच्या 'सीआयपी' मानकांना संघीय नियामकाने मंजुरी दिली. ही मानके अगदी साध्या गोष्टींबद्दल बोलतात. नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश २४ तासांत बंद करा. उपकरणासोबत कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. कोण कुठल्या खोलीत शिरले त्याची नोंद ठेवा. आणि नाही केले तर दंड: २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला १२७ उल्लंघनांसाठी एक कोटी डॉलर भरावे लागले. तिचे नाव नियामकाने गुप्त ठेवले, पण काय चुकले ते छापले. नाव झाकायला माझी हरकत नाही.

मी ज्या उपकेंद्रांत काम केले त्यांतल्या एकात रिले पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असे. उपकरण बनवणाऱ्याने पाठवलेला तोच पासवर्ड, सगळ्या फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांच्या) सगळ्या रिलेंना. त्यात आळशीपणा नव्हता. मध्यरात्री फीडर ट्रिप झाला तर इव्हेंट रेकॉर्ड काढायला जो कोणी जाईल त्याला पासवर्ड मिळालाच पाहिजे, आणि त्यासाठी दुसरी काही व्यवस्था कुणी दिलेली नव्हती. उत्पादकाचा अभियंता येई, आपला लॅपटॉप रिलेच्या पुढच्या पोर्टला लावी, सेटिंग बदलून निघून जाई. तो लॅपटॉप आदल्या दिवशी कुठे जोडला होता हे विचारण्याची रीत नव्हती. जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. चकती फिरे, कॉन्टॅक्ट लागे, बस. न्यूमरिकल रिले आले आणि प्रत्येक पॅनेल हा संगणक झाला, पण ही चिठ्ठी दाराच्या आत तशीच राहिली. अमेरिकी मानकांतली पासवर्डची ओळ मला म्हणूनच कागदी वाटत नाही.

अमेरिकेतही मोठी भोके आहेत. ही मानके मोठ्या वीजकेंद्रांना आणि पारेषणाला लागू, गावागावातल्या वितरणाला नाहीत. आणि वीज सोडून बाकी ऊर्जा क्षेत्र बराच काळ 'आपल्या मर्जीने पाळा' यावरच चालले. त्याची किंमत मे २०२१ मध्ये मोजावी लागली. पूर्व किनाऱ्याच्या इंधनापैकी जवळपास ४५ टक्के वाहून नेणारी कलोनियल पाइपलाइन खंडणीखोरांनी कार्यालयीन संगणक गोठवल्यामुळे बंद करावी लागली. वाट पुन्हा तीच: व्हीपीएनचे एक जुने खाते, एक पासवर्ड, दुसरी पडताळणी नाही. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि त्या महिन्यातच पाइपलाइन कंपन्यांवर सायबर घटना कळवण्याची सक्ती आली. त्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला सिनेटच्या समितीसमोर उघडपणे उत्तरे द्यावी लागली, ही गोष्ट मला सक्तीइतकीच महत्त्वाची वाटते.

युरोपात सध्या एनआयएस-२ हा सायबर सुरक्षेचा निर्देश लागू होतो आहे. २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत तपशील, महिन्याभरात अंतिम अहवाल. दंड एक कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत, आणि संचालक मंडळ स्वतः जबाबदार. जर्मनीने त्याआधीच वीज आणि गॅसच्या जाळ्यांना, अगदी छोट्या नगरपालिकांच्या कंपन्यांनासुद्धा, माहिती सुरक्षेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले होते. पण युरोपातले मला सर्वांत भावते ते डेन्मार्कचे उदाहरण. तिथे मोठ्या सरकारी खात्यापेक्षा वीज, पाणी, उष्णता पुरवणाऱ्या कंपन्यांनीच मिळून 'सेक्टरसर्ट' नावाची ना-नफा संस्था उभारली आहे. सभासद कंपन्यांच्या इंटरनेट जोडणीवर तिचे सेन्सर बसवलेले असतात, त्यामुळे एकीवर आलेला हल्ला सर्वांना दिसतो.

मे २०२३ मध्ये तिथल्या २२ ऊर्जा कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या तोंडाशी बसवलेल्या संरक्षक उपकरणांत, घुसखोरी झाली. त्या फायरवॉलमधला दोष उत्पादकाने एप्रिलमध्येच जाहीर केला होता आणि सेक्टरसर्टने सभासदांना अपडेट करायला सांगितलेही होते. काही कंपन्यांनी बाहेरच्या जगाशी जोडणी तोडून आपले जाळे एकटे चालवले. कुणा ग्राहकाची वीज गेली नाही. नोव्हेंबरमध्ये संस्थेने अहवाल काढला आणि कंपन्यांची नावे न घेता अपडेट का झाले नाही ते साफ लिहिले. काहींना वाटले, फायरवॉल नवी आहे म्हणजे सॉफ्टवेअर नवेच असणार. काहींना वाटले, पुरवठादार करत असेल. काहींनी पुरवठादार अपडेटचे पैसे मागतो म्हणून टाळले. आणि काहींना आपल्याकडे हे उपकरण आहे हेच माहीत नव्हते, कारण पुरवठादाराने न सांगता बसवले होते. या चार वाक्यांत मला आमच्या खात्यातल्या चार वेगवेगळ्या बैठका दिसल्या. असा अहवाल वाचला की माणूस उठून आपल्या पॅनेलची यादी काढतो. 'सायबर स्वच्छता पाळावी' असे परिपत्रक वाचून कुणी उठत नाही.

आता आपल्याकडे. नियमांत आपण कमी नाही, हे आधी मान्य करते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात महत्त्वाच्या यंत्रणांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. पारेषण, वितरण, औष्णिक, जल यांसाठी क्षेत्रवार सायबर पथके आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली; प्रत्येक कंपनीत जबाबदार अधिकारी, विश्वासू पुरवठादारांकडूनच खरेदी, नियमित ऑडिट, सगळे त्यात आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर पथकाच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना सहा तासांत कळवावी लागते, युरोपच्या चौपट वेगाने. माहिती वर धावत जाते. पण वर गेलेली माहिती पुढे कुठे जाते?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबई-ठाण्यात कुणी विसरलेले नाही. करोनाचा काळ, रुग्णालये भरलेली, आणि दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघ्याच्या वाहिन्या, मुंबईचे आयलँडिंग (मुख्य जाळ्यापासून तुटून शहर स्वतःच्या विजेवर चालवण्याची व्यवस्था) का टिकले नाही, हा विद्युत बाजूचा भाग राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून सुनावणीला घेतला. ते योग्यच झाले. सायबरचा भाग मात्र २८ फेब्रुवारी २०२१ ला एका अमेरिकी कंपनीच्या अहवालातून बाहेर आला. भारतातल्या विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांसह दहा वीज संस्थांवर चीनशी संबंधित गटाने नेम धरल्याचे त्यात होते. मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही त्याच अहवालात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन १४ ट्रोजन (साळसूद रूपात आत शिरणारी घातक सॉफ्टवेअर) आणि घातपाताची शक्यता सांगितली. त्यानंतर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हता, असे सांगितले. केंद्राच्या पत्रकातून कळले की काही नियंत्रण केंद्रांत 'शॅडोपॅड' हे घातक सॉफ्टवेअर असल्याचा इशारा सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० लाच दिला होता.

यांतले खरे कोणाचे, हा माझा मुद्दा नाही. ते १४ ट्रोजन कुठल्या प्रकारच्या संगणकांत होते? कार्यालयाच्या, की स्काडाच्या जाळ्यात? आत आले कसे? पेन ड्राइव्हने, ई-मेलने, की देखभालीच्या जोडणीतून? राज्यभरच्या शेकडो उपकेंद्रांत काम करणाऱ्यांना या तीन प्रश्नांची उत्तरे हवी होती. त्या महिन्यांत आम्हाला सायबरबद्दल जे कळत होते ते वर्तमानपत्रांतूनच. युक्रेनच्या कन्व्हर्टरबद्दल मी तीन महिन्यांत वाचू शकले, आणि घराजवळच्या घटनेबद्दल आजवर नाही, हे मला आजही खुपते.

कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रातही तेच. सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीला सर्ट-इनने तिथल्या मालवेअरबद्दल (घातक सॉफ्टवेअरबद्दल) कळवले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी फुटली तेव्हा आधी इन्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३० ऑक्टोबरला, प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याची कबुली आली. नियंत्रण यंत्रणा वेगळी होती, सुरक्षित होती, हे मी मानते. मग ते सुरुवातीलाच सांगितले असते तर आपल्याच लोकांच्या चांगल्या रचनेचा तो पुरावा ठरला असता. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा पॉवरने आपल्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाल्याचे शेअर बाजाराला कळवले, कारण नोंदणीकृत कंपनीला ते कळवावे लागते. म्हणजे गुंतवणूकदाराचा हा हक्क आपल्या व्यवस्थेने ओळखला आहे, आणि यंत्रचालकाचा अजून नाही.

आपल्याला हे जमत नाही असे मुळीच नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड कोसळले. तो प्रसंग सरकारसाठी प्रचंड नामुष्कीचा होता. तरी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या समितीने ऑगस्टमध्येच अहवाल दिला आणि तो जाहीर झाला. बिना-ग्वाल्हेर वाहिनी कशी ट्रिप झाली, कोणते रिले लोड वाढल्याला फॉल्ट समजून चालले, कोण मंजुरीपेक्षा जास्त वीज ओढत होते, सगळे त्यात होते. सायबर हल्ल्याची शक्यताही तपासून बाजूला ठेवलेली होती. आमच्या चाचणी विभागात त्या अहवालाच्या झेरॉक्स फिरल्या. डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनची, म्हणजे लांबच्या बिघाडावर लक्ष ठेवणाऱ्या टप्प्याची, सेटिंग आम्ही त्यानंतर पुन्हा तपासून घेतली. ग्रिड कोसळल्याचा अहवाल छापून देशाचे काही बिघडले नाही.

माझी मागणी तेवढीच आहे. वीज क्षेत्रात सायबर घटना निश्चित झाली की सहा महिन्यांच्या आत तिचा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध व्हावा. कंपनीचे नाव, पत्ते, जाळ्याचे आराखडे वगळा. आत शिरण्याची वाट, न चाललेली खबरदारी आणि चाललेली खबरदारी एवढे द्या. आणि ते मराठीत द्या. उपकेंद्रावरचा यंत्रचालक आयटीआय झालेला असतो, वीस-वीस वर्षांचा त्याचा हात बसलेला असतो. त्याला इंग्रजी परिपत्रकातले इनसिडेंट रिस्पॉन्स म्हणजे काय ते कळणार नाही, पण 'पडद्यावरचा बाण आपोआप हलला तर आधी लोकल-रिमोट स्विच लोकलवर कर आणि मग फोन कर' हे एका क्षणात कळेल. केंद्राची वाट न बघता राज्याचा वीज नियामक आयोग आपल्या परवानाधारकांकडून असे अहवाल मागवू शकतो. २०२० मध्ये त्याने विद्युत बाजूसाठी पुढाकार घेतलाच होता.

घाई का, तेही सांगते. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य आहे, आणि त्यांतून दूरवरून वीज तोडता येते. घराघरांच्या छतांवर आणि शेतीच्या फीडरवर सौर प्रकल्प येत आहेत. त्यांचे कित्येक इन्व्हर्टर उत्पादकाच्या सर्व्हरशी इंटरनेटने जोडलेले असतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनसाठी योजलेल्या उपग्रह मोडेमवरच्या हल्ल्याची झळ जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांना बसली. त्या फिरत राहिल्या, पण दूरवरून दिसेनाशा झाल्या. लिथुआनियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनसारख्या देशांतल्या कंपन्यांना १०० किलोवॉटपेक्षा मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या नियंत्रणापर्यंत दूरवरून पोहोचण्यास कायद्याने मनाई केली. त्याच वेळी नवी उपकेंद्रे यंत्रचालकाविना, लांबच्या केंद्रातून चालवण्याचा कल वाढतो आहे. युक्रेनची वीज सहा तासांत आली ती हाताने ब्रेकर लावता येणारी माणसे गाडीच्या अंतरावर होती म्हणून. कुठलेही उपकेंद्र यंत्रचालकाविना करण्याआधी तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, कोण पोहोचेल, आणि त्याने लोकलवर ब्रेकर शेवटचा कधी लावला होता, हे नोंदवहीत लिहिलेले असायला हवे. ग्रिडसाठी ब्लॅक स्टार्टचे (पूर्ण अंधारातून जाळे पुन्हा उभे करण्याचे) सराव होतात तसा स्काडा बंद ठेवून उपकेंद्र चालवण्याचा सराव वर्षातून एकदा तरी प्रत्येक मंडळात व्हावा, आणि त्यात काय अडले तेही पुढच्या उपकेंद्राला कळवले जावे.

आपली,
एक निवृत्त चाचणी अभियंता, डोंबिवली